भांडखोरपणाचं जनुक आणि उंबरातली कत्तल

"रक्तातच आहे हो त्यांच्या." बडोद्याच्या दांडिया बाजारात एखाद्या घरातली भाऊबंदकी चव्हाट्यावर आली, की ओट्यावरच्या चर्चेचा शेवट बहुधा याच वाक्यावर होतो. आजोबा कोर्टकचेऱ्यांत रमलेले, मुलगा सोसायटीच्या मीटिंगमध्ये बाह्या सरसावणारा, नातू शाळेत मारामाऱ्या करणारा. म्हणजे पिढीजातच म्हणायचं. माणसांच्या बाबतीत हे खरं की खोटं ते ठरवणं महाकठीण. नातवाला आजोबांचं रक्त मिळालं तसं आजोबांचं घरही मिळालं, आणि ही दोन वेगळी करून बघायची सोय नाही.

कीटकांत ती सोय आहे. चिलटांची नवी पिढी दोन आठवड्यांच्या आत तयार होते, एका बाटलीत शेकडो भावंडं मावतात, आणि कुणाला कुणाबरोबर वाढवायचं हे सर्वस्वी आपल्या हातात असतं. त्यामुळे "भांडण रक्तात असतं का" या प्रश्नाची सगळ्यात पक्की उत्तरं माश्या, मुंग्या, रातकिडे यांच्याकडून आली आहेत. "भांडखोरपणाचं जनुक सापडलं" अशी बातमी अधूनमधून पेपरात येते, तिच्यामागेही बहुधा एखादी माशीच असते. त्या मथळ्यावर माझा फारसा विश्वास नाही. का नाही, ते सांगायला उंबरापासून सुरुवात करू.

आपल्या बडोद्याच्या मराठी मंडळींना औदुंबर काही नवा नाही. गरुडेश्वरला जाऊन आलेल्या प्रत्येकाने त्याला प्रदक्षिणा घातलेली असते. याची फळं खोडालाच लगडतात, त्यामुळे हात सहज पोचतो. उंबर फोडून केंबरं काढू नयेत असं म्हणतात खरं, पण इथे नेमकं तेच करायचं आहे. रंग बदलायच्या बेतात असलेलं, किंचित मऊ पडलेलं, पण अजून भोक न पडलेलं फळ घ्या. ब्लेडने उभं कापून पांढऱ्या कागदावर ठेवा आणि चांगलं भिंग लावा. आत भिंतीला चिकटून शेकडो बारीक फुलं दिसतील, कारण उंबर म्हणजे आतल्या बाजूने फुललेला फुलांचा गुच्छच. त्यातली काही फुलं टपोरी फुगलेली असतात. प्रत्येकात एक किडा वाढलेला असतो. गडद रंगाच्या, पंखवाल्या, जेमतेम दोन मिलिमीटरच्या त्या माद्या. त्यांच्यामधून सरपटणारे फिकट पिवळट, बिनपंखी, विचित्र आकाराचे जीव दिसले तर ते नर. पहिल्यांदा बघणाऱ्याला ती दोन वेगळ्या किड्यांची प्रजा वाटते.

हे किडे गांधीलमाश्यांच्या दूरच्या नात्यातले. परागीभवन करणारी एक जात असते, आणि तिच्या जोडीला फुकट राहायला आलेल्या आणखी काही जाती असतात. नर आधी बाहेर पडतात, माद्या अजून आपापल्या फुगवट्यांत बंद असतानाच ते भिंत कुरतडून त्यांच्याशी समागम करतात, आणि बहुतेकांचा सगळा जन्म त्या एका फळातच संपतो. पंख नाहीत, जायचं कुठे? वड, पिंपळ, उंबर, अंजीर या सगळ्या कुळात हा प्रकार चालतो. फुकट्या जातींपैकी काहींच्या नरांची डोकी भलतीच रुंद असतात आणि जबडे विळ्यासारखे. ते जबडे मादीसाठी नसून दुसऱ्या नराचं डोकं, पाय किंवा पोट तोडण्यासाठी असतात. अशा जातीचं फळ कापलं तर आत अक्षरशः धडं आणि मुंडकी वेगळी पडलेली सापडतात. डब्ल्यू. डी. हॅमिल्टन या इंग्रज जीवशास्त्रज्ञाने ब्राझीलमध्ये अशी फळं कापून बघितली आणि 1979 मध्ये त्यावर लिहिलं. एका मोठ्या फळलेल्या झाडावर अशा लढायांत लाखो नर मरत असावेत, असा त्याचा अंदाज होता. देवळाच्या पारावर आपण शांतपणे बसलेले असतो तेव्हा डोक्यावर काय चाललेलं असू शकतं, याची कल्पना करा.

बहुतेक प्राणी असे जिवावर उठून लढत नाहीत. कुत्री गुरगुरतात, बोके फिस्कारतात, सरडे माना हलवतात, आणि दहापैकी नऊ वेळा कुणीतरी एक जण काढता पाय घेतो. पूर्वी याचं कारण सांगितलं जायचं की जातीचं भलं व्हावं म्हणून ते आवरतं घेतात. ऐकायला छान, पण हिशेबात न बसणारं. आवरतं न घेणारा एक जरी निपजला, तरी तो सगळ्यांना हुसकावून माद्या पटकावेल, आणि पुढच्या पिढीत त्याचीच पोरं जास्त असतील. मग सगळेच तसे का होत नाहीत?

उत्तर 1973 मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस यांनी दिलं. (मेनार्ड स्मिथ हे इंग्रज जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांचे शिष्य. हॉल्डेन 1957 मध्ये इंग्लंड सोडून भारतात आले ते कायमचे.) गणित शाळकरी आहे, म्हणून करूनच बघू. एका जातीत दोन स्वभाव आहेत असं धरा. ससाणा शेवटपर्यंत लढतो. पारवा नुसता पिसं फुलवतो आणि समोरचा खरंच अंगावर आला की पळतो. ज्या गोष्टीसाठी भांडण आहे तिची किंमत 10 गुण, आणि जबर जखमेचं नुकसान 30 गुण. दोन ससाणे भिडले तर एकाला 10 मिळतात, दुसऱ्याचे 30 जातात, म्हणजे सरासरी दोघेही उणे 10. ससाण्याला पारवा भेटला तर ससाण्याला आयते 10, पारव्याला शून्य. दोन पारव्यांत कधी हा जिंकतो कधी तो, सरासरी 5.

आता सगळेच पारवे असतील तर पहिल्या ससाण्याची चंगळ आहे. पण ससाणे वाढत गेले की ते एकमेकांनाच भेटू लागतात आणि उणे 10च्या खात्यात जातात. मग पळून जाणाऱ्या पारव्याचा शून्यही फायद्याचा ठरतो. हिशेब मांडला तर तराजू बरोबर एक तृतीयांश ससाण्यांवर स्थिर होतो, कारण 10 भागिले 30. तिथे दोघांचीही कमाई सारखी. म्हणजे एकाच जातीत भांडकुदळ आणि भित्रे पिढ्यानपिढ्या शेजारी नांदू शकतात, आणि त्यासाठी कुणी जातीच्या भल्याचा विचार करायची गरज नाही.

या गणिताची कळ त्या 30च्या आकड्यात आहे. जखम महाग असते ती पुढचं आयुष्य शिल्लक असतं म्हणून. उंबरातल्या बिनपंखी नराला पुढचं आयुष्यच नाही. आत्ता, इथे, या फळात मादी मिळाली तर मिळाली. हरलो तर सगळंच गेलं, आणि पळालो तरी सगळंच गेलं. अशा वेळी जखमेची किंमत जवळजवळ शून्यावर येते आणि तराजू पूर्ण ससाण्याकडे कलतो. ज्या जातींत माद्या फळाबाहेर पडून समागम करतात, तिथल्या नरांना पंख असतात, ते उडून जातात, आणि त्यांचे जबडे साधेच राहतात. त्याच झाडावर, त्याच फळात वाढलेले असूनही. काही जातींत तर एकाच जातीचे काही नर पंखवाले आणि काही बिनपंखी लढवय्ये असतात.

इथे एक शंका रास्त आहे. एका फळातले नर पुष्कळदा सख्खे भाऊ असतात, आणि नातलगांना सांभाळण्यातूनही आपलीच जनुकं पुढे जातात, हा तर खुद्द हॅमिल्टनचाच 1964चा सिद्धांत. मग भाऊ भावाचा गळा कसा कापतो? 2001 मध्ये स्टुअर्ट वेस्ट आणि सहकाऱ्यांनी अनेक जातींच्या फळांतल्या नरांच्या जखमा मोजल्या आणि नातं किती जवळचं तेही तपासलं. जवळच्या नात्याने मारामारी कमी झालेली दिसली नाही. फरक पडत होता तो माद्या किती मिळण्याजोग्या आहेत याने: माद्या मुबलक तर जखमा कमी, माद्यांची टंचाई तर कत्तल. एकाच बंद फळात भावाचा प्रतिस्पर्धी भाऊच असेल, तर नात्याचा फायदा तिथल्या तिथे खर्ची पडतो. वडिलोपार्जित वाडा एकच आणि हिस्सेदार सख्खे, हे दृश्य आपल्याला काही परकं नाही.

इथवर झाला उत्क्रांतीचा हिशेब. पण हिशेब कीटक स्वतः करत नाही. तो करून झालेला असतो आणि त्याचं उत्तर त्याच्या मेंदूत कुठेतरी बसवलेलं असतं. कुठे, ते चिलटांनी दाखवलं.

उन्हाळ्यात केसरच्या पेट्या घरात आल्या की चिलटं येतातच. पिकल्या केळ्याच्या सालीवरची ती लालबुंद डोळ्यांची माशी म्हणजेच प्रयोगशाळांची लाडकी ड्रोसोफिला. शेपटीकडे काळसर आणि अंगाने लहान तो नर. साल हलवू नका आणि डोळे जवळ नेऊन बघा. दोन नर एकाच मोक्याच्या जागेवर आले, की आधी एक जण दोन्ही पंख तिरके उभारतो. दुसरा हलला नाही तर पुढच्या पायांची तलवारबाजी. तरीही हटला नाही तर पहिला मागच्या पायांवर उभा राहतो आणि सगळं अंग झोकून दुसऱ्यावर आदळतो. कधी दोघेही उभे राहून ठोसे मारतात. पापणी लवायच्या आत होतं सगळं, म्हणून तर इतकी वर्षं माणसांचं तिकडे लक्ष गेलं नाही. 1915 मध्ये आल्फ्रेड स्टर्टेव्हंट या अमेरिकन शास्त्रज्ञाने नोंद केली की मादीच्या मागे लागलेले दोन नर एकमेकांवर पंख पसरून धावून जातात. पण नीट, मोजूनमापून अभ्यास व्हायला एकविसावं शतक उजाडलं. हार्वर्डमध्ये एडवर्ड क्रॅविट्झ यांच्या गटाने या मारामारीची एकेक हालचाल व्हिडिओवर टिपली. माद्याही भांडतात, विशेषतः अन्नावरून, पण त्यांची तऱ्हा वेगळी: डोक्याने ढुसण्या आणि ढकलाढकली. नरांसारखं उभं राहून आदळणं त्यांच्यात जवळजवळ नसतं.

ही तऱ्हा जनुकाने ठरते का? ठरते, आणि तीही चकित करणाऱ्या पद्धतीने. फ्रूटलेस नावाचं एक जनुक नर आणि मादी दोघांतही असतं, पण त्याचा मजकूर दोघांत वेगळा कापून जोडला जातो. 2006 मध्ये संशोधकांनी माद्यांत नराची जोडणी घातली आणि नरांत मादीची. त्या माद्या नरांसारख्या उभ्या राहून आदळू लागल्या, आणि नर मादीसारखे ढुसण्या देऊ लागले. अंग मादीचं, भांडण नराचं. माझ्या मते या सगळ्या विषयातला हा सगळ्यात स्वच्छ प्रयोग आहे. पण नीट बघा, त्याने भांडण कसं करायचं ते ठरलं. किती करायचं आणि कधी करायचं, हा प्रश्न शिल्लकच राहिला.

त्याच वर्षी हर्मन डिअरिक आणि राल्फ ग्रीनस्पॅन यांनी दुसरी वाट धरली. आपले शेतकरी बियाण्यासाठी चांगली कणसं बाजूला काढतात, तसे त्यांनी दर पिढीत सर्वांत भांडखोर नर निवडले आणि त्यांचीच पैदास केली. एकविसाव्या पिढीपर्यंत लढाईचा निर्देशांक तीसपटींहून जास्त चढला. "रक्तात असतं" याला इतका ठणठणीत पुरावा दुसरा नाही. मग त्यांनी भांडखोर आणि शांत माश्यांच्या डोक्यांत कोणती जनुकं कमीजास्त काम करतात ते तपासलं. एक नाव ठळकपणे वर आलं: सीवायपी-6ए20. हे जनुक बिघडवलं की माशी जास्त भांडते. आता हे काही रागाचं जनुक नव्हे. ज्या घराण्यातलं ते आहे त्या घराण्याचं मुख्य काम विषं आणि वासाची रसायनं मोडून टाकणं. कीटकनाशक पचवणारी जनुकं त्याच घराण्यातली, आणि आपल्या यकृतात औषधं पचवणारी जनुकंही त्यातलीच. माशीत सीवायपी-6ए20 काम करतं ते मेंदूत नव्हे, तर वास घेणाऱ्या केसांभोवतीच्या मदतनीस पेशींत. नर माश्या एक वास सोडतात, तो वास दुसऱ्या नराला चेतवतो, हे 2010 मध्ये डेव्हिड अँडरसन यांच्या कॅलिफोर्नियातल्या प्रयोगशाळेने दाखवलं. समोरच्याचा वास नाकात किती वेळ रेंगाळतो यावर डोकं किती तापतं हे अवलंबून असावं, असा याचा सरळ अर्थ लागतो.

याच्या पुढची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. एकट्याने वाढवलेली माशी भांडखोर होते, घोळक्यात वाढवलेली शांत. चिलटांचं एकत्र कुटुंब म्हणा. 2008 मध्ये दिसलं की घोळक्यात वाढलेल्या नरांत तेच सीवायपी-6ए20 जास्त काम करतं. म्हणजे वंशाने ज्या खुंट्या पिळल्या, त्याच खुंट्या अनुभवही पिळतो. "रक्त की संस्कार" हा वाद दोन वेगळ्या गोष्टींमधला आहे असं आपण धरून चालतो. इथे दोघेही एकाच जनुकाशी खेळताना सापडले.

आणि जनुकं तरी किती? नॉर्थ कॅरोलिनात ट्रूडी मॅके यांच्या गटाने अशीच निवड करून भांडखोर आणि शांत वाण तयार केले, तेव्हा हजाराहून जास्त जनुकांच्या कामात फरक आढळला. प्रत्येकाचा वाटा चिमूटभर. गोड्या मसाल्यातून नागकेशर काढलं तर चव बदलते, पण म्हणून नागकेशर म्हणजे गोडा मसाला नव्हे. "भांडखोरपणाचं जनुक" हा मथळा म्हणूनच खोटा. ज्यांची मोडतोड झाली की भांडण वाढतं किंवा घटतं अशी जनुकं पुष्कळ आहेत, आणि त्यातली बरीचशी एरवी वास, पचन, मेंदूची घडण असल्या कामांत गुंतलेली असतात.

तरी काही ठिकाणी सूत्रं एकवटलेली दिसतात. नर माशीच्या मेंदूत मोजक्या चेतापेशी अशा आहेत, ज्या मादीत नाहीतच. त्या टॅकिकायनिन नावाचं रसायन सोडतात. 2014 मध्ये या पेशी चेतवल्या तेव्हा मारामारी वाढली आणि दाबल्या तेव्हा घटली. याच कुळातलं रसायन सस्तन प्राण्यांतही आक्रमकतेशी जोडलेलं आहे. माशी आणि उंदीर यांची वाट फुटून पन्नास कोटी वर्षांहून जास्त काळ लोटला असेल, त्या मानाने हे साम्य थक्क करणारं.

खंडेराव महाराजांच्या काळात बडोद्यात हत्तींची साठमारी व्हायची. झुंजीला हत्ती काढायचा तर तो मस्तीत आलेला लागे. मस्तीच्या काळात हत्तीच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन प्रचंड चढलेलं असतं, हे आता माहीत आहे. कीटकांत या संप्रेरकाचा खेळ नाही. त्यांच्यात ते काम बऱ्याच अंशी ऑक्टोपामिन करतं, आपल्या नॉरॲड्रेनॅलिनचं जवळचं भावंड. ज्या चिलटांना ऑक्टोपामिन बनवताच येत नाही ती जवळजवळ भांडतच नाहीत.

ऑक्टोपामिनची गंमत कळली रातकिड्यांवरून. चीनमध्ये रातकिड्यांच्या झुंजी शेकडो वर्षं चालत आल्या आहेत, पैजा लावून. हरलेला रातकिडा तासन्‌तास लढायला तयार होत नाही, समोर कुणी आला की पाठ फिरवतो. पण तिथल्या जुन्या खेळवय्यांना एक युक्ती ठाऊक होती: हरलेल्या रातकिड्याला हातात घेऊन वर उडवायचं, झेलायचं, पुन्हा उडवायचं. मग तो परत लढतो. 2000 मध्ये जर्मनीतल्या लाइपझिगच्या हॉफमन आणि स्टीव्हनसन यांनी हे तपासलं आणि खरं निघालं. हवेत उडवल्यावर रातकिडा पंख हलवू लागतो, उडण्याच्या त्या क्रियेने पराभवाची भीती पुसली जाते, आणि यामागे ऑक्टोपामिनचाच हात असल्याचं पुढच्या कामातून दिसलं. जनुकं तीच, किडा तोच, दिवसही तोच, फक्त मिनिटभर उडाला. प्रयोगशाळेच्या आधी हे बाजारातल्या खेळवय्यांना माहीत होतं, याचं मला फार कौतुक वाटतं.

मुंग्यांचं थोडक्यात. मुंग्या परक्याला अंगावरच्या मेणचट लेपाच्या वासावरून ओळखतात आणि ओळख पटली नाही की फाडून खातात. अर्जेंटिनातली एक मुंगी माणसांबरोबर युरोपात पोचली. तिथे तिच्यातली विविधता घटली असावी, सगळ्यांचा वास सारखा झाला आणि आपापसातलं वैर संपलं. 2002 मध्ये तिची इटलीपासून स्पेनच्या अटलांटिक किनाऱ्यापर्यंत सुमारे 6000 किलोमीटर पसरलेली एकच महावसाहत नोंदवली गेली. आपसात शांत झाल्यामुळेच ती स्थानिक मुंग्यांवर भारी पडली. याउलट लाल अग्निमुंगीत शेकडो जनुकांची एक अखंड गाठ आहे, जी फारशी सुटत नाही आणि एकगठ्ठा पुढे जाते. बहुराणी वसाहतीत ही गाठ अंगी असलेल्या कामकरी मुंग्या, ती नसलेल्या राणीला वासावरून ओळखून ठार करतात. केलर आणि रॉस यांनी हे 1998 मध्ये दाखवलं. "एकाच जनुकाने खून" या कल्पनेच्या सगळ्यात जवळ जाणारं उदाहरण हेच, आणि त्यातही ते एक जनुक नाही.

आता आपल्या गॅलरीतल्या गांधीलमाश्यांकडे या. छज्ज्याखाली किंवा बंद पडलेल्या कूलरच्या मागे राखाडी कागदाचं उघडं पोळं दिसतं, त्यातलं एक पोळं रोपॅलिडिया मार्जिनाटा या जातीचं असू शकतं. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी अनेक दशकं हिचा अभ्यास केला. हिच्या राणीला वेगळा पोशाख नाही. ती दिसते इतरांसारखीच, आणि वागते इतरांपेक्षा मवाळ. दरारा मारामारीचा नाही, वासाचा. पण राणीला पोळ्यावरून उचललं की काही मिनिटांत एक कामकरी माशी पिसाळल्यासारखी वागू लागते, दिसेल तिला चावते, ढकलते, दाबून धरते. गंमत अशी की बाकीच्या तिला उलटून मारत नाहीत. वारस कोण, हे जणू सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं. राणी परत ठेवली की ही गुमान कामाला लागते. परत ठेवलीच नाही, तर पुढच्या काही दिवसांत हिच्या अंडाशयात अंडी तयार होतात, आणि जसजशी अंडी येतात तसतसा हिचा आक्रस्ताळेपणा ओसरतो. शेवटी तीही मवाळ राणी होते. आक्रमकता इथे स्वभाव नाहीच, बढतीच्या काळातलं तात्पुरतं काम आहे.

मधमाश्यांत हिशेब आणखी एक पायरी वर चढतो. कामकरी माशीला स्वतःची पिल्लं बहुधा होत नाहीत. तिची जनुकं पुढे जातात ती राणीच्या पोटून. म्हणून तिचा काटेरी डंख माणसाच्या कातडीत अडकून तिचा जीव गेला तरी पोळं वाचलं तर सौदा परवडतो. अडकलेल्या डंखातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो इतर माश्यांना चेतवतो. म्हणूनच एक चावली की मागोमाग दहा येतात. आपल्याकडच्या जाती शेजारी ठेवून बघा. सातेरी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत राहते, दार अरुंद, राखण सोपी, माशी तुलनेने शांत. आग्यामाशीचं पोळं उघड्यावर, उंच फांदीला नाही तर पाण्याच्या टाकीखाली, भलंमोठं आणि मधाने भरलेलं. त्याला भिंत नाही, माश्यांचा जिवंत पडदा हीच भिंत. तिच्या तापटपणाचं कारण तिच्या पत्त्यात आहे.

हा तापटपणा किती लवकर बदलू शकतो, ते अमेरिका खंडांत दिसलं. 1956 मध्ये वॉरविक केर या ब्राझिलियन शास्त्रज्ञांनी जास्त मधाच्या आशेने आफ्रिकन राण्या ब्राझीलमध्ये आणल्या. पुढच्या वर्षी त्यातल्या 26 राण्या आपापले थवे घेऊन निसटल्या. त्यांचा आणि युरोपीय माश्यांचा संकर पसरत 1990 मध्ये टेक्ससला पोचला. तापट स्वभाव घेऊन, माणसं आणि गुरं मारत. हीच माशी 1994 च्या सुमारास कॅरिबियन समुद्रातल्या पोर्तो रिको बेटावर उतरली, आणि दोन दशकांच्या आत तिथली माशी नरमली. दिसायला आणि चिवटपणात आफ्रिकन, वागायला युरोपीय. 2017 मध्ये तिची जनुकं वाचली तेव्हा एखादं नवं जनुक सापडलं नाही. जनुकसंचात ठिकठिकाणी, आधीपासूनच तिच्यात असलेल्या मवाळ आवृत्त्यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. दाट वस्तीच्या बेटावर माणसांनी तापट पोळी शोधून मारली आणि शांत पोळ्यांकडे दुर्लक्ष केलं, हे एक कारण मानलं जातं. 2020 मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली. पोळं किती आक्रमक हे डंख मारायला धावणाऱ्या माश्यांच्या स्वतःच्या जनुकांवरून नीट सांगता येत नाही. ते सांगता येतं सगळ्या पोळ्याच्या सरासरीवरून. एकेकटीच्या रक्तात शोधावं, तर उत्तर शेजारणींच्या रक्तात.

मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये येणारा प्रश्न: आपणही पोळी काढत राहिलो तर आपली आग्यामाशी पोर्तो रिकोसारखी नरमेल का? मला वाटतं, नाही. तिथे निवड झाली ती फरक केल्यामुळे. तापट पोळी मेली, शांत उरली. आपण टेंभा लावतो तो दिसेल त्या पोळ्याला. तीन महिने कुणालाही न चावलेल्या पोळ्यालाही आणि पतंगाच्या मांज्याने डिवचल्या गेलेल्या पोळ्यालाही. त्यातून शांत पोळ्याला कसलाच फायदा मिळत नाही, फक्त माश्या कमी होतात. शिवाय आग्यामाशी ऋतूप्रमाणे ठिकाण बदलते, पुष्कळदा पुढच्या हंगामात नेमक्या त्याच टाकीखाली परत येते, आणि येताना ज्या रानावनांतून येते तिथे बडोद्याच्या सोसायटीचा ठराव लागू नसतो. निवड करायचीच असेल, तर ज्या पोळ्याने वर्षभरात कुणाला त्रास दिला नाही ते तसंच राहू द्यायचं आणि वहीत त्याची नोंद ठेवायची, इतकंच करता येईल. निकाल बघायला आपली नातवंडं लागतील.